पेशंटमावशींचं मनगट

पेशंटमावशी कामाला जात म्हणजे झोपायला जात. हे त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं, आणि सासूबाई ते नळावर, दुकानात, कोणी विचारलं तरी सांगत आणि नाही विचारलं तरी सांगत. "आमची सून सकाळी आठला निघते, रुग्णालयात जाऊन पलंगावर आडवी होते आणि संध्याकाळी परत येते. पोरी तिला अंघोळ घालतात, केस विंचरतात, वर विचारतात, मावशी, आता बरं वाटतंय का." यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. बहुधा सासूबाईंनाही नसावं.

पण बोलणं शब्दन् शब्द खरं होतं. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला नर्सिंगची शाळा होती, शाळेत सरावाची खोली होती, खोलीत एक खाट होती, आणि त्या खाटेवर एकतीस वर्षं मावशी निजल्या. चारशेहून जास्त मुली त्यांच्या अंगावर शिकल्या. ताप बघायला त्यांच्यावर शिकल्या, कुशीवर वळवायला, माणूस वर असताना खालची चादर बदलायला, बँडेज बांधायला, सगळं त्यांच्यावरच. ज्यांना कधी साधं पडसंसुद्धा फारसं झालं नाही, त्या मावशी दिवसातून चार वेळा आजारी पडत आणि पाच वाजता बऱ्या होऊन भाजी घ्यायला जात.

शाळा सुरू झाली ती चादरींच्या कोठीत. रुग्णालय तेव्हा साठ खाटांचं आणि रीतसर शिकलेल्या परिचारिका फक्त तीन. त्यांतल्या मेट्रनबाई उंच, सडपातळ, आणि आवाज असा की त्या कुजबुजल्या तरी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचा रुग्ण सरळ होऊन बसे. दोन वर्षं वरच्यांच्या नाकी नऊ आणून त्यांनी शाळेची परवानगी मिळवली. जागा कुठे, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "कोठीत बघा." ते बहुधा बाईंना वाटेला लावायला दिलेलं उत्तर असावं. बाईंनी ते खरं मानलं. चादरींचे गठ्ठे एका भिंतीला रचले, उरलेल्या जागेत एक खाट, एक फळा, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि डावा हात नसलेला एक सांगाडा मांडला, आणि सहा मुली घेऊन शिकवायला लागल्या. डाव्या हाताची हाडं त्या स्वतःच्या हातावर दाखवत. पुढे सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणू लागले.

एक अडचण मात्र होती. मुली सराव करत त्या एकमेकींवर. अंगाला हात लावला की हसू फुटे, आणि मैत्रिणीनं दंड दुखेपर्यंत पिरगाळला तरी कोणी तक्रार करत नसे. अशानं काय शिकणार, कपाळ? थोरल्या बाई चिडत, पण रुग्ण आणायचा कुठून. वॉर्डातला खरा आजारी माणूस काही नवशिक्या हातांसाठी देता येत नव्हता.

त्या दिवसांत वॉर्डाची फरशी पुसायला चोवीस वर्षांची एक नवी बाई लागली होती. एका दुपारी ती कोठीत पुसायला आली. बाई म्हणाल्या, "बादली ठेव. या खाटेवर पड जरा." ती बिचारी घाबरून पडली, पाय ओले म्हणून ते खाटेबाहेर लोंबकळत ठेवून. सहाही मुलींनी मिळून तिला वळवलं, चादर बदलली, कडा खोचल्या. बाईंनी विचारलं, "कसं वाटलं?"

दुसरी कोणी असती तर 'छान वाटलं' म्हणून पळाली असती. ही म्हणाली, "चांगलं वाटलं बाई. पण चादरीची वळी पाठीखाली तशीच राहिलीय. या मुलीचे हात फार गार आहेत. आणि कुशीवर करताना आधी सांगितलं असतं ना, तर मी दचकले नसते."

थोरल्या बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: आधी हात गरम, मग तोंडानं सांगणं, मग स्पर्श. ते वाक्य पुढे या शाळेच्या प्रत्येक मुलीच्या वहीत पहिल्या पानावर गेलं. ते फरशी पुसणाऱ्या बाईच्या तोंडून आलं, हे मात्र कोणत्याच वहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवलेलं बरं. दुसऱ्या दिवसापासून तिची बादली सुटली आणि ती चोविसाव्या वर्षी मावशी झाली. तिच्या सख्ख्या बहिणीचं तर तेव्हा लग्नसुद्धा व्हायचं होतं.

नुसतं पडून राहणं सोपं असतं, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा तासभर दुसऱ्याच्या हातात पडून बघावं. मावशींना पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी अंग चोपल्यासारखं वाटे. मग हळूहळू त्यांना एक गोष्ट कळायला लागली, आणि ती कळल्यावर त्या त्या खाटेला चिकटल्या त्या चिकटल्याच. डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांना मुलींचे हात ओळखू यायला लागले. नव्या मुलीच्या हातात भीती असे. ती मनगट धरी ते जिन्याचा कठडा धरल्यासारखं. चार महिने, सहा महिने तसंच चाले. आणि मग एका सकाळी तीच मुलगी कपाळाला हात लावी आणि मावशींना वाटे, आता मला खरंच काही झालं तरी चालेल. कधी झालं, कसं झालं, कोणाला सांगता येत नसे, त्या मुलीलाही नाही. मावशींनी ते शेकडो वेळा पाहिलं आणि शेकडो वेळा त्यांच्या अंगावर काटा आला. या गोष्टीचं त्यांना जन्मभर नवल वाटत राहिलं.

नवरा रुग्णालयाच्याच धुलाईघरात बॉयलरवर होता. त्याला त्यांनी एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"म्हणजे हात मऊ होतात?" त्यानं विचारलं.

"मऊ नाही हो. मऊ तर आधीपासूनच असतात. हातांना ऐकू यायला लागतं."

तो म्हणाला, "बॉयलरचं पण तसंच आहे." मावशींना राग यायला हवा होता, पण त्याला समजलं होतं हे त्यांनाही समजलं.

नाडीची गोष्ट चौथ्या वर्षाची. थोरल्या बाई मुलींना नाडी शिकवत होत्या. एक हात मावशींच्या मनगटावर, नजर घड्याळावर. मोजता मोजता बाई थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मुलींना बाहेर पाठवलं आणि रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मावशींची नाडी चालता चालता मध्येच एक ठोका गाळत होती. लोकांच्या काळजाचा ठोका चुकतो तो वाईट बातमीनं. मावशींचा आपला उगाचच, मिनिटातून एखाददोनदा, कधी तीनदा चुकायचा. मावशींना तो छातीत कळायचा, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा. पण सगळ्यांनाच तसं होत असेल, अशी त्यांची समजूत होती.

डॉक्टरांनी यंत्र लावलं, कागदाची पट्टी निरखली आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. असतं काही जणांचं असं. शंभर वर्षं जगतील."

"पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर सापडतं का हे?" बाईंनी विचारलं.

"नशीब असेल तर. पूर्ण मिनिट मोजलं तर बहुतेक वेळा सापडेल."

थोरल्या बाई हसल्या. मावशींनी त्यांना हसताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी. त्या म्हणाल्या, "मावशी, हे आपल्या दोघींत."

त्या दिवसापासून शाळेत एक पद्धत पडली. मुलींना नाडी मोजायला मावशींकडे पाठवायचं, आणि काही म्हणजे काही सांगायचं नाही. पुस्तकात लिहिलेलं असे, निरोगी माणसाची नाडी बहात्तर. त्यामुळे पहिले काही दिवस सगळ्या मुली घाईघाईनं बोटं टेकवत आणि बहात्तर लिहून मोकळ्या होत. बाई एका शब्दानं बोलत नसत. मग एखाद्या दिवशी कोणीतरी बाईंच्या खोलीत जाई, दार लावून घेई आणि दबक्या आवाजात म्हणे, "बाई, मावशींना काहीतरी आहे."

"किती वेळ मोजलीस?"

"पूर्ण मिनिट. मग पुन्हा एकदा."

"काळजीचं काही नाही. आता कोणाला सांगायचं नाही. प्रत्येकीला तिचं तिनं सापडू दे." आणि त्या मुलीला दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात खऱ्या रुग्णांजवळ जाता येई. ज्यांना सापडलं नव्हतं त्या सरावाच्या खोलीतच राहत. कोणाला आठवड्यात सापडे. एक मुलगी आठ महिने बहात्तर लिहीत राहिली आणि ठोका सापडला त्या क्षणी मावशींचं मनगट हातात धरूनच रडायला लागली. शेवटी रुग्णानं उठून परिचारिकेला पाणी दिलं.

आणि खरी थक्क करणारी गोष्ट ही की, ते गुपित कोणी फोडलं नाही. वसतिगृहात एका खोलीत चौघी राहत, रात्रंदिवस एकमेकींचं सगळं एकमेकींना ठाऊक असे, कोणाला कोणाचं पत्र आलं तेसुद्धा. पण हे नाही. दोन सख्ख्या बहिणी चार वर्षांच्या अंतरानं शाळेत होत्या. थोरलीनं धाकटीला सांगितलं नाही. धाकटी पाच महिने अडकून पडली, घरी रडत पत्रं पाठवत राहिली, तरी थोरलीनं सांगितलं नाही. मावशी कधी कधी खाटेवर पडल्या पडल्या त्या मुली आठवत. इतक्या जणींनी आपल्या छातीतली एक गोष्ट स्वतःची असल्यासारखी सांभाळली, या विचारानं त्यांना भरून येई.

थोरल्या बाई निवृत्त झाल्या, पुढे वारल्या. त्यांच्या जागी धाकट्या बाई आल्या. या पहिल्या सहांमधल्या, गार हातांची ती मुलगी म्हणजे याच. शाळा कोठीतून नव्या इमारतीत गेली. वर्गात पंधरा मुली झाल्या. आणि दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या खोक्यातून बाहुली आली.

बाहुली माणसाएवढी, गोरीपान, विजेवर चालणारी. तिला श्वास होता, डोळे उघडमीट होत, आणि मनगटात नाडी होती. मुलींनी तिचं नाव महाराणी ठेवलं. महाराणीला थंडगार खोली मिळाली. तिला कधी चादर रुतत नसे, तिला सांगून स्पर्श करा की न सांगता, ती दचकत नसे. तिची नाडी बहात्तर होती आणि बटण बंद करेपर्यंत बहात्तरच राहत असे. मावशींनी एकदा कोणी नसताना तिचं मनगट धरून पाहिलं. "हुशार आहेस हो," त्या म्हणाल्या, "एकदाही चुकत नाहीस." आणि का कोण जाणे, त्यांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

यंदाचा वर्ग सुरू झाला त्या सुमाराला मावशींच्या मुलीला जुळं झालं आणि मावशी चार महिने तिच्याकडे जाऊन राहिल्या. इकडे शाळेत नर्सिंग कौन्सिलचं पत्र आलं होतं: रुग्णालयांच्या आत चालणाऱ्या लहान शाळा आता बंद करायच्या, कोणती ठेवायची, हे यंदाच्या परीक्षक आपल्या अहवालात कळवतील. धाकट्या बाई कागदपत्रांत बुडाल्या. मुली महाराणीवर सराव करून वॉर्डात गेल्या. थोरल्या बाईंची पद्धत मोडली ती कोणी मोडली म्हणून नाही, तिकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही म्हणून. मावशी परत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, बाईंनी बघितलं असेल. बाईंना वाटलं, मावशी आल्या आहेत म्हणजे झालं असेल.

परीक्षेला मात्र बाहुली चालत नसे. कौन्सिलचा नियमच तसा होता, जिवंत माणूस हवा. त्यामुळे परीक्षेच्या सकाळी खाटेवर मावशी होत्या. परीक्षेतल्या मावशी म्हणजे बेशुद्ध रुग्ण. डोळे मिटलेले, तोंड बंद, काहीही होवो. एरवी सुईच्या टोकाएवढ्या वळीची तक्रार करणाऱ्या मावशींनी परीक्षेत एकतीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता.

परीक्षक बाई ठेंगण्या, नीटनेटक्या, घाईच्या. त्यांना त्या दिवशी पंधरा मुली संपवून दुसऱ्या गावी पोचायचं होतं. पहिली मुलगी यायच्या आधी त्यांनी मावशींचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि कागदावर टिपलं. मावशींना कळलं, बोटं पंधरा सेकंदांत उठली.

मग मुली एकेक करून आल्या. पहिली आली वर्गाची मॉनिटर, चुणचुणीत, हात भरभर चालणारे. चादर सुरेख बदलली, ताप पाहिला, मनगटाला दोन बोटं लावली आणि दहा सेकंदांत काढली. 'बहात्तर' लिहून ती गेली. दुसरीनंही तसंच केलं. तिसरी, चौथी. पाचव्या मुलीपर्यंत मावशींच्या मिटल्या डोळ्यांमागे लख्ख उजाडलं: यांना सापडलेलंच नाही. एकीलाही नाही. या वर्षभर वॉर्डात हिंडतायत, लोकांच्या मनगटांना बोटं लावतायत, आणि कागदावर पुस्तक लिहितायत. मावशींच्या पायाखाली जमीन नव्हतीच, खाट होती. तीही सरकल्यासारखी वाटली. चौदा मुली आल्या आणि चौदा वेळा बहात्तर लिहिलं गेलं. परीक्षक बाईंच्या कागदावरही बहात्तरच होतं. सगळं छान जुळत होतं.

पंधरावी मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. शिवणाच्या कारखान्यातून आलेली, बोलायला जड. नापास झाली तर तिला परत त्याच मशीनवर जावं लागणार होतं, आणि शाळाच बंद झाली तर पुन्हा परीक्षेला बसायलाही जागा नव्हती. तिनं आधी हात एकमेकांवर घासले. मग वाकून म्हणाली, "मावशी, मी तुमची नाडी बघणार आहे." बोटं मनगटावर आली, आणि मावशींनी ओळखलं. या हातांना ऐकू येत होतं.

ती मोजत राहिली. मिनिट झालं. परीक्षक बाईंनी पेन टेबलावर आपटलं. ती पुन्हा मोजायला लागली. दुसरं मिनिट झालं. मग तिनं लिहिलं: सत्तर. अनियमित. मिनिटात दोन ठोके निसटतात.

परीक्षक बाईंनी कागद पाहिला. "दोन मिनिटं उभी राहिलीस आणि तरी चूक? नाडीच मोजता येत नसेल तर तुला रुग्णाजवळ सोडायचं कसं?"

"बाई, मी दोनदा मोजली."

"चौदा जणींनी बहात्तर लिहिलंय. मी स्वतः मोजलीय." त्यांनी लाल पेन उचललं.  खिडकीशी धाकट्या बाई उभ्या होत्या. परीक्षेच्या वेळी परीक्षकांशी बोलायची त्यांना मुभा नव्हती. पण मावशींनी पापण्यांच्या फटीतून पाहिलं, तर बाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं. बोललं तर ही एक मुलगी वाचेल आणि चौदा जणी उघड्या पडतील, आणि चौदा जणींसकट शाळा. कोठीतली ती खाट, सांगाडा, थोरल्या बाईंची दोन वर्षांची पायपीट, सगळंच. नाही बोललं तर फक्त एक मुलगी जाईल. एकच.

मावशींना त्या क्षणी थोरल्या बाई आठवल्या नाहीत, नियम आठवला नाही, काही नाही. त्यांना फक्त एवढंच वाटत होतं की, ज्या हाताला ऐकू येतं तो हात हे लोक घरी पाठवतायत, आणि न ऐकणारे हात ठेवून घेतायत. खाटेवर निजणाऱ्या माणसाला याहून मोठं भय दुसरं नाही. त्यांनी डोळे उघडले.

"बाई," बेशुद्ध रुग्ण म्हणाला, "पूर्ण मिनिट मोजा."

परीक्षक बाईंनी असं काही उभ्या जन्मात ऐकलं नसावं. त्या रागावल्या असत्या. पण मावशींचा हात खाटेबाहेर आला होता, मनगट वर करून. परीक्षक बाई उठल्या, स्टूल ओढलं, बसल्या आणि मोजू लागल्या. घड्याळाचा काटा अर्धा फिरेपर्यंत काही झालं नाही. मग मावशींना छातीत पायरी चुकल्याचं कळलं, आणि परीक्षक बाईंची बोटं मनगटावर एकदम घट्ट झाली. मिनिट संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही.

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"मला," धाकट्या बाई म्हणाल्या.  "आणि गेल्या वर्षापर्यंत इथून बाहेर पडलेल्या प्रत्येकीला." मग त्यांनी सगळं सांगितलं, पद्धत काय होती तेही आणि ती यंदा कशी राहून गेली तेही. काही हातचं राखलं नाही.

"चारशे मुली," परीक्षक बाई सावकाश म्हणाल्या. "आणि कोणी कोणाला सांगितलं नाही?"

"नाही."

 परीक्षक बाईंनी आपल्या कागदावरचं बहात्तर खोडलं, शेजारी 'पंधरा सेकंद मोजले, चूक माझी' असं लिहून सही केली, आणि चौदाही मुलींना आत बोलावलं. "मावशींची नाडी नियमित नाही, असं एकीनं लिहिलं आणि ते बरोबर आहे. आता प्रत्येकीनं पूर्ण मिनिट मोजायची. उलट क्रमानं या. एकमेकींना दाखवायचं नाही." मुलींचे चेहरे पांढरे पडले. परीक्षक बाई खाटेच्या डाव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी मावशींचं डावं मनगट धरलं. उजवं मनगट मुलींसाठी.

अशी नाडी मावशींनी कधी दिली नव्हती. एका हाताला परीक्षक, एका हाताला विद्यार्थिनी, मध्ये आपण. चौदावी आली. तिनं बोटं ठेवली. ठोका निसटला तसा तिच्या तोंडून हलकेच श्वास आला, आणि मावशींना वाटलं, हे बघ, आलं. सहा महिन्यांत येतं ते आत्ता, एका मिनिटात, माझ्या मनगटावर आलं. तेरावीला दोन सापडले. बारावीला तीन. नववीचा एक राहिला; तिनंच "पुन्हा मोजू का?" म्हणून विचारलं. खोलीत घड्याळाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. भिंतीशी उभ्या मुलींनी श्वाससुद्धा बेतानं घेतले. मावशी एकतीस वर्षं त्या खाटेवर निजल्या होत्या, पण इतकं मोठं काहीतरी आपल्याभोवती चाललंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मॉनिटर आली. सकाळची पहिली, म्हणून आता शेवटची. तिनं बोटं ठेवली आणि मिनिट सुरू झालं. मावशी छातीकडे लक्ष देऊन पडल्या. वीस सेकंद, तीस, चाळीस. ठोके एकामागून एक सरळ येत होते. आता चुकेल, मावशींना वाटलं, आता. पन्नास. मिनिट संपलं आणि एकही ठोका चुकला नाही.

हे मावशी, परीक्षक बाई आणि मॉनिटर या तिघींना माहीत होतं, आणि तिघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मॉनिटर कागद हातात घेऊन उभी राहिली. तेरा जणींना सापडलं होतं, परीक्षकांना सापडलं होतं. 'दोन निसटतात' एवढं लिहिलं की ती सुटत होती. हुशार मुलगी, तिला ते कळत नव्हतं असं नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिनं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं, आणि कागद परीक्षक बाईंकडे दिला.

चौऱ्याहत्तर, तिनं लिहिलं होतं. या मिनिटात खंड आढळला नाही.

"बरोबर," परीक्षक बाई म्हणाल्या. मुलीचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही.

मुली बाहेर गेल्यावर परीक्षक बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. चौदाही जणींचे सकाळचे नाडीचे गुण त्यांनी कापले. पंधरावीचे पूर्ण दिले. शाळेसाठीचा रकाना रिकामा होता. पेन हातात धरून त्या खाटेकडे वळल्या.

"मावशी, तुम्हाला खरंच विचारते. उद्या तुम्ही आजारी पडलात, तर या मुलींच्या हातात स्वतःला द्याल?"

धाकट्या बाई खिडकीशीच उभ्या होत्या.  खोटं बोलायची मावशींना इच्छा नव्हती, आणि बोलता आलंही नसतं.

"सकाळी विचारलं असतंत तर नाही म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "आता देईन. सगळ्यांत आधी त्या शेवटच्या मुलीच्या."

परीक्षक बाईंनी रकान्यात 'शाळा चालू ठेवावी. नाडी जिवंत मनगटावरच शिकवावी.' अशा दोन ओळी लिहिल्या, कागद फिरवून धाकट्या बाईंकडे सरकवला आणि आपली पिशवी आवरायला लागल्या. धाकट्या बाईंनी त्या ओळी वाचल्या, आणखी एकदा वाचल्या, आणि रुग्णाच्या खाटेवर कधीही बसायचं नाही हे मुलींना हजार वेळा शिकवणारी ती बाई मावशींच्या खाटेच्या कडेवर मटकन बसली. मावशी थोड्या सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली.